दगडी

पहाटे पाच. इनामगावात धारा सुरू झाल्या की माझा फोन वाजतो. "डॉक्टर, काल संध्याकाळी बरी होती. आज कास दगडासारखी, अन् दूध नुसतं पाणी."

साडेसहा. एचएफ गाय, ताप १०५, मागचा डावा सड तापलेला. दगडी, म्हणजे कासेची सूज. एका रात्रीत एवढी म्हणजे बहुधा ई-कोलाय जंतू. त्याच्या आवरणातलं विष ओळखताच कासेतल्या पेशी सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतात. त्यातलं इंटरल्युकिन-८ रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना कासेत बोलावतं. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ मुळे रक्तवाहिन्या पाझरू लागतात, ताप चढतो. गाईच्या मालकीणबाईंना वाटतं सूज जंतूंनी आणली. खरं तर ती बरीचशी गाईनेच आणलेली असते. मेलॉक्सिकॅम टोचलं. ते ही प्रथिनं अडवत नाही, त्यांच्या सांगण्यावरून तयार होणारं प्रोस्टाग्लँडिन अडवतं. हेच टोचलं, कारण डायक्लोफेनॅक जनावरांना देणं गिधाडं वाचवण्यासाठी २००६ पासून बंद आहे. सड वरचेवर पिळून रिकामा करा, दूध डेअरीला घालू नका, एवढं बजावून निघालो.

दहा. दोन गाभण तपासण्या, एक लंगडं वासरू.

दुपारी घोडनदीकडून येताना उत्खननाची जागा लागते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ इथं खोदकाम केलं, गाईबैलांची हाडं सापडली. तीन हजार वर्षांपूर्वी इथं दगडीवर काय करत असतील, हा विचार उन्हात हमखास येतो.

साडेचार. अण्णांचा गोठा. दूध कमी झालंय, बाकी तक्रार नाही. गाय निवांत रवंथ करतेय. चार कप्प्यांच्या ताटलीत चारही सडांचं दूध घेऊन औषध ओतलं. एका कप्प्यात जेलीसारखं घट्ट झालं, म्हणजे पांढऱ्या पेशी भरपूर. निरोगी दुधात त्या मिलिलिटरला दोन लाखांच्या आत असतात. मला सकाळच्या गाईपेक्षा हीच जड वाटते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस असेल तर कासेतून बोलावणं क्षीण जातं. पेशी येतात, पण जोर धरत नाहीत. जंतू आत दडून महिनोन्महिने राहतो आणि धार काढणाऱ्याच्या हातावरून शेजारणीकडे जातो. नमुना प्रयोगशाळेसाठी भरला.

"अण्णा, हिची धार सगळ्यात शेवटी काढा. नंतर सड आयोडीनमध्ये बुडवा, लगेच चारा टाका, अर्धा तास बसू देऊ नका."

"बरं बरं," म्हणत अण्णांनी बादली उचलली आणि पहिल्यांदा तिच्याच खाली बसले.