जुन्या शिडाच्या होडीचे मोल

अमेरिकेतील मिशिगन राज्यात हिवाळा सरला, सरोवरांवरील बर्फ वितळू लागला, की घरांच्या अंगणांत ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या शिडाच्या होड्या पुन्हा उजेडात येतात. त्यांतील काहींवर ‘विकणे आहे’ अशी पाटी लागते. पाटीवर आकडा कोणता लिहावा, या प्रश्नाने मालकाला मात्र हिवाळाभर ग्रासलेले असते.

असा एक मालक डोळ्यांसमोर आणावा. वय सत्तरीपुढचे, गुडघे साथ देईनासे झालेले. त्याच्याजवळ १९७८ सालची ‘कॅटलिना २२’ आहे. फ्रँक बटलर यांच्या कॅलिफोर्नियातील कारखान्याची ही साडेएकवीस फुटांची फायबरग्लासची होडी. अशा पंधरा हजारांहून अधिक होड्या बांधल्या गेल्या. मोटारीमागे ट्रेलरवर ओढून नेता येत असल्याने ती मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली. या मालकाने सर्व पावत्या एका फायलीत जपल्या आहेत. उदाहरणापुरते धरू, की खरेदी ५,५०० डॉलर आणि वेळोवेळी केलेला खर्च ४,९०० डॉलर. बेरीज १०,४०० होते. तेवढे नाही, तरी निदान आठ हजार यावेत, अशी त्याची अपेक्षा आहे.

चूक येथेच होते. फाइलमध्ये आहे तो खर्च, आणि खर्च म्हणजे मूल्य नव्हे. गहाण मालमत्तेचे मूल्यांकन करताना कर्जदाराने भिंतींच्या रंगावर किती पैसे घातले हे कोणी विचारीत नाही. आज ती विकली तर हातात काय पडेल, एवढेच पाहिले जाते. होडीलाही तोच न्याय लागू आहे. मालकाने तीवर उपभोगलेली वर्षे हाच त्या खर्चाचा परतावा होता, आणि तो त्याला मिळून चुकला आहे.

मग आकडा आणावा कोठून? जे. डी. पॉवर किंवा बीयूसी यांच्या किंमत-पुस्तिका हाताशी असतात. परंतु अर्धशतकाच्या जवळ पोहोचलेल्या होडीच्या बाबतीत त्यांचा उपयोग दिशा दाखवण्यापुरताच. जाहिराती पाहाव्यात, तर त्या अधिकच फसव्या. सहा महिने झळकत राहिलेली किंमत ही मुळात कोणीही न दिलेली किंमत असते. योग्य दराच्या होड्या आठवड्याभरात विकल्या जाऊन नजरेआड झालेल्या असतात. म्हणून विचारायचे ते विकून मोकळ्या झालेल्यांना. एकाच साच्यातील हजारो होड्या असण्याचा हा मोठा लाभ: एकाच सोसायटीतील फ्लॅटप्रमाणे त्यांची तुलना होऊ शकते. कॅटलिना २२ च्या मालकांची राष्ट्रीय संघटनाही आहे. जाहिरात दिसेनाशी झाल्यावर विक्रेत्याला नम्रपणे दोन ओळी लिहिल्या, तर बहुतेक लोक खरा आकडा सांगतात. सौदा झाल्यावर माणसाला लपवण्यासारखे फारसे उरत नाही.

समजा, चालू मोटार आणि ट्रेलरसह तीन होड्या ३,२००, ३,८०० आणि ४,१०० डॉलरना गेल्या. सरासरी ३,७०० झाली. आता आपल्या होडीतील फरक मांडावेत. गेल्या वर्षी १,८०० डॉलर घालून नवी शिडे घेतली. ग्राहक त्याचे फार तर ६०० अधिक देईल. मोटार सुरू होत नाही, ७०० वजा. ट्रेलरचे टायर तडकले आहेत, ३०० वजा. उरले ३,३००. घासाघीस होणारच, म्हणून पाटीवर ३,६०० लिहावे आणि ३,००० ही खालची मर्यादा मनाशी पक्की करावी. आठ हजारांची पाटी लावल्यास ग्राहक घासाघीस करायलासुद्धा थांबत नाही.

होडी १९७५ ची की १९७९ ची, याला या वयात फारसे महत्त्व नसते. सरळ घसाऱ्याचे कोष्टक येथे लागू पडत नाही. फायबरग्लास टिकते, आणि काही वर्षांनंतर किंमत वयावर नव्हे, तर स्थितीवर ठरते. जाणता ग्राहक छोट्या प्लास्टिकच्या हातोडीने डेकवर ठोकून पाहतो. आवाज बद्द आला, तर आतील प्लायवूडमध्ये पाणी मुरल्याची शंका येते. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा तो तपासतो. तळाखाली वर-खाली होणारे सुमारे अडीचशे किलोंचे बिडाचे पाते, ज्याला कील म्हणतात, त्याची तार आणि ज्या खिळीवर ते फिरते ती खिळी किती झिजली, हेही पाहतो. हे दोष मालकाला ठाऊक असतीलच. त्याने ते आधीच सांगावेत आणि किंमत ते धरूनच लावावी. एक दोष ग्राहकाला स्वतः सापडला, की तो न सापडलेल्या दहा दोषांचे पैसे कापतो.

वाट पाहण्याचीही किंमत असते, आणि ती फाइलमध्ये नसते. होडी भाड्याच्या जागेत असेल आणि महिना ६० डॉलर जात असतील, तर पाचशे अधिक मिळावेत म्हणून दहा महिने अडून बसणारा शंभर डॉलर गमावून बसतो. ऑक्टोबरमध्ये येणारा ग्राहक हिवाळ्यातील जागेचे भाडे डोक्यात ठेवूनच बोलतो. एप्रिलमधल्या ग्राहकाला समोर उन्हाळा दिसत असतो.

आणि फार अडून राहिले तर? फायबरग्लास कुजत नाही. मोडीतही ते कोणी घेत नाही. उलट विल्हेवाटीचे पैसे मोजावे लागतात. सोडून दिलेल्या नौकांचा प्रश्न इतका वाढला, की वॉशिंग्टन राज्याला २००२ मध्ये त्या हटवण्यासाठी कायदा करावा लागला. अशा होडीचे मोल शून्याच्याही खाली गेलेले असते. ताळेबंदात तिची जागा डावीकडे की उजवीकडे, असा प्रश्न पडावा.

एक व्यवहार मात्र पाटी लावण्यापूर्वीच उरकावा. केबिनमध्ये पत्नीने भेट दिलेले पितळी होकायंत्र असेल आणि ते द्यायचे नसेल, तर ग्राहक येण्याआधी काढून घरात ठेवावे व त्या जागेची भोके नीट बुजवावीत. ग्राहकाच्या नजरेला पडलेली वस्तू नंतर काढून घेतली, तर तो तिचे पैसे वजा करतो. आणि ते होकायंत्र त्याला कितीला पडले असते, यावर वाद घालण्याची मालकाची मनःस्थिती त्या दिवशी नसते.