पत्ता बदलतो, नाव राहते

अर्पानेटवरील संगणकांची नावे आणि अंकी पत्ते पूर्वी एकाच यादीत, हाताने लिहिले जात. संगणक मोजके होते, म्हणून निभले. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी अनेक ठिकाणी विभागलेली नोंदवही मांडली. तीच डीएनएस.

पुण्याजवळ हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत आज अनेक प्रोग्रॅम 'कंटेनर' नावाच्या डब्यांत चालतात. एक डबा बंद पडला की दुसरा उभा राहतो, पण नव्या पत्त्यावर! या डब्यांच्या गटाच्या आतली नोंदवही 'कुबरनेटीस' ही व्यवस्था स्वतःच सांभाळते. बाहेरच्या जगाला दिसणारे नाव मात्र डीएनएसमध्येच हवे. सेवा सुरू झाली की नोंद घालायची, संपली की खोडायची. हे हाताने किती वेळा करणार?

'एक्स्टर्नलडीएनएस' हा प्रोग्रॅम गटावर नजर ठेवून ते काम करतो. खरी मेख खोडण्यात आहे. माणसाने लिहिलेली नोंद खोडली गेली, तर चालू संकेतस्थळ सापडेनासे होईल. म्हणून तो आपल्या नोंदीसोबत 'ही माझी' अशी खुणेची नोंद लिहितो; खूण नसलेलीला हात लावत नाही. तरीही बदल सगळीकडे लगेच दिसत नाही, कारण इतर संगणक जुने उत्तर, नोंदीत दिलेली मुदत संपेपर्यंत, जपून ठेवतात.