रुंद पडद्याच्या संगणक-मॉनिटरमधील पॅनेलचा प्रकार ओळखण्याच्या पद्धती : पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील महाविद्यालयीन उपयोगाच्या संदर्भात

प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी मॉनिटर खरेदी करावयाचे झाल्यास खरेदी समितीपुढे येणाऱ्या दरपत्रकांत सामान्यतः पडद्याचा आकार, बिंदुसंख्या, हमीचा कालावधी आणि किंमत एवढाच तपशील असतो. तीन विक्रेत्यांची तीन दरपत्रके या चारही बाबतींत जवळजवळ सारखी असू शकतात आणि तरीही प्रत्यक्षात येणारे तीन पडदे परस्परांहून अगदी भिन्न असू शकतात. हा भेद पडद्यामागील पॅनेल कोणत्या तंत्राने बनविले आहे यावर अवलंबून असतो. ट्विस्टेड नेमॅटिक म्हणजे टीएन, व्हर्टिकल अलाइनमेंट म्हणजे व्हीए आणि इन-प्लेन स्विचिंग म्हणजे आयपीएस ही त्यांतील तीन प्रमुख तंत्रे होत. ओएलईडी पडद्यांचे कार्यतत्त्व सर्वस्वी निराळे असल्याने त्यांचा विचार प्रस्तुत लेखात केलेला नाही.

पालघर परिसरात या प्रश्नाला विशेष महत्त्व येते, त्याची कारणे स्थानिक आहेत. तारापूर औद्योगिक वसाहतीत रंग, रसायने, औषधे व कापड यांवर प्रक्रिया करणारे कारखाने मोठ्या प्रमाणावर आहेत आणि रसायनशास्त्राच्या पदवीधराला तेथे रंगछटेतील सूक्ष्म फरक पारखण्याचे काम पडू शकते. डहाणू, तलासरी, जव्हार या तालुक्यांत वारली चित्रकलेची परंपरा आहे. गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर या चित्रांचे संगणकीय संग्रह व अभ्यास यांकडे अधिक लक्ष जाणे स्वाभाविक होते. गेरूच्या गडद पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेषा असे या चित्राचे स्वरूप असते. गडद पार्श्वभूमी आणि तिच्यातील सौम्य छटाभेद नेमक्या याच ठिकाणी निकृष्ट पॅनेल उघडे पडते. याशिवाय एका संगणकापुढे दोन-तीन विद्यार्थी बसवावे लागणे ही ग्रामीण महाविद्यालयांतील नित्याची गोष्ट आहे. मधल्या विद्यार्थ्याला दिसणारे चित्र कडेच्या विद्यार्थ्याला दिसत नसेल, तर त्या दोघांना एकच पाठ शिकविला असे म्हणता येणार नाही.

पॅनेलचे कार्यतत्त्व

द्रवस्फटिक अवस्थेचा शोध १८८८ मध्ये ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख राइनित्झर यांनी लावला. संगणकाच्या पडद्यात दोन ध्रुवकांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा अत्यंत पातळ थर असतो. मागून येणारा प्रकाश पहिल्या ध्रुवकातून जाताना एका प्रतलात ध्रुवित होतो. द्रवस्फटिकाने ते प्रतल फिरविले तर प्रकाश दुसऱ्या ध्रुवकातून बाहेर पडतो, न फिरविल्यास अडतो. विद्युतदाबाने रेणूंची दिशा बदलून हे नियंत्रण साधले जाते. तिन्ही तंत्रांतील फरक एवढाच की रेणू कोणत्या स्थितीतून कोणत्या स्थितीत जातात.

टीएन रचना मार्टिन शाट व वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी १९७० मध्ये स्वित्झर्लंडमधील हॉफमन-ला रॉश कंपनीत विकसित केली. यात रेणूंची रांग एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत ९० अंशांतून पिळलेली असते. दाब दिल्यावर रेणू उभे राहतात व प्रकाश अडतो. पूर्ण पांढरा किंवा पूर्ण काळा बिंदू दाखविताना फारशी अडचण येत नाही. मधली करडी छटा दाखविताना मात्र रेणू अर्धवट कललेले असतात आणि ते सर्व एकाच दिशेला कलतात. सामान्य मांडणीत खालून पाहणाऱ्याची दृष्टी या रेणूंच्या लांबीच्या रोखाने जाते, म्हणून त्याला छटा काळवंडलेली दिसते. वरून पाहणाऱ्याला तेच रेणू आडवे भासतात आणि चित्र फिके पडते. टीएन पॅनेलचा सर्वात विश्वसनीय ओळखीचा पुरावा याच असमानतेत आहे.

हा दोष कमी करण्याच्या प्रयत्नात एका भारतीय शोधाचा वाटा आहे, ही गोष्ट पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांनाही अनेकदा ठाऊक नसते. बंगळूर येथील रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर, बी. के. सदाशिव व के. ए. सुरेश यांनी १९७७ मध्ये तबकडीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रवस्फटिक होऊ शकतात हे दाखवून दिले. ते संशोधन 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे जपानच्या फुजी कंपनीने अशाच तबकडीसदृश रेणूंचा पातळ पापुद्रा टीएन पडद्यावर चढविण्याचे तंत्र बाजारात आणले व त्यामुळे या पडद्यांचा दृश्यकोन, विशेषतः आडव्या दिशेचा, बराच रुंदावला. उभ्या दिशेचा दोष मात्र पूर्णतः गेला नाही.

आयपीएस तंत्रात रेणू काचेला समांतर राहूनच फिरतात, उभे राहत नाहीत. त्यामुळे कोणत्याही बाजूने पाहिले तरी रंग फारसा बदलत नाही. जपानच्या हिताची कंपनीने १९९६ च्या सुमारास हे तंत्र व्यवहारात आणले. व्हीए तंत्रात, ज्याचा विकास फुजित्सू कंपनीने १९९० च्या दशकात केला, दाब नसताना रेणू काचेला लंब असतात व प्रकाश जवळजवळ पूर्ण अडतो. म्हणून व्हीए पडद्याचा काळा रंग खरोखर काळा दिसतो. एकेका बिंदूचे विभाग पाडून त्यांतील रेणू निरनिराळ्या दिशांना कलविले जातात व त्यायोगे टीएनमधील एकांगी दोष टळतो.

माहितीपत्रकावरून अनुमान

माहितीपत्रकात पॅनेलचा उल्लेख नसला तरी काही आकडे बोलके असतात. दृश्यकोन १७०/१६० अंश किंवा त्याहून कमी दिला असल्यास पॅनेल बहुधा टीएन समजावे. १७८/१७८ असल्यास ते व्हीए किंवा आयपीएस असते. कोन मोजताना कॉन्ट्रास्टचे गुणोत्तर १० : १ पर्यंत घसरले की थांबावे असा प्रघात आहे. काही उत्पादक ५ : १ पर्यंत मोजून मोठा आकडा छापतात. रंग पालटला की नाही हे या मोजणीत धरलेच जात नाही.

स्थिर कॉन्ट्रास्ट ३००० : १ किंवा अधिक असल्यास व्हीए, १००० : १ च्या आसपास असल्यास टीएन वा आयपीएस, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. 'डायनॅमिक' कॉन्ट्रास्टचे लाखांतील आकडे पार्श्वप्रकाश मंद-तीव्र करून मिळविलेले असतात. ते जाहिरातीच्या उपयोगाचे आहेत, परीक्षणाच्या नव्हेत.

रंगसंख्येचा आकडा अधिक मनोरंजक आहे. ८ बिटांच्या पॅनेलमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात व एकूण १,६७,७७,२१६ रंग होतात. ६ बिटांच्या पॅनेलमध्ये केवळ ६४ पायऱ्या असतात. लगतच्या दोन पायऱ्या वेगाने आलटून पालटून दाखवून त्यांच्या दरम्यान आणखी तीन छटांचा आभास निर्माण केला जातो. ६३ अंतरांचे प्रत्येकी चार भाग केले की २५२ आणि शेवटची पायरी मिळून २५३ पायऱ्या होतात. २५३ चा घन सुमारे १ कोटी ६२ लाख येतो. २००० च्या दशकातील माहितीपत्रकांत आढळणारा '१६.२ दशलक्ष रंग' हा आकडा असा आला आणि त्या काळी तो टीएनची खूण होता. पुढे ही पद्धती सुधारून ६ बिटांचे पॅनेलही १६.७ दशलक्ष रंगांचा दावा करू लागले, शिवाय स्वस्त आयपीएस पॅनेलही ६ बिटांचे निघाले. त्यामुळे जुना मॉनिटर तपासतानाच ही कसोटी लावावी.

नावांविषयी दोन सूचना आवश्यक आहेत. दुकानात 'एलईडी मॉनिटर' म्हणून जे विकले जाते त्यातील एलईडी हा केवळ पार्श्वप्रकाशाचा स्रोत असतो. पूर्वी तेथे बारीक फ्लुरोसंट नळ्या असत. त्या शब्दावरून पॅनेलचा बोध होत नाही. दुसरे असे की, पीएलएस, एडीएस ही आयपीएससदृश तंत्रांचीच व्यापारी नावे आहेत. एएमव्हीए हे व्हीए कुळातील, तर एएचव्हीए हे नावात 'व्हीए' असूनही आयपीएस कुळातील आहे. या एका अक्षराने भलेभले फसतात.

प्रत्यक्ष परीक्षण

कागदावर विसंबून न राहता पहिला नग आल्याबरोबर तो तपासणे श्रेयस्कर. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. सादरीकरणाच्या कोणत्याही प्रणालीत तीन पाने तयार करावीत. पहिल्या पानावर लाल, हिरवा व निळा या तिन्हींचे मूल्य १२८ ठेवून सर्व पडदा करडा करावा. दुसरे पान पूर्ण काळे असावे. तिसऱ्यावर काळ्या पार्श्वभूमीवर मूल्य १० ते १५ इतकी किंचित उजळ अक्षरे लिहावीत.

करडे पान समोर ठेवून परीक्षकाने हळूहळू खाली वाकावे. पडदा वरच्या भागापासून काळवंडत गेला आणि फार खालून पाहता छटा उलट्या झाल्या, तर पॅनेल टीएन आहे याविषयी शंका उरत नाही. गेरूच्या रंगाची भिंत असलेले एखादे वारली चित्र ठेवूनही हेच पाहता येईल. काळे पान अंधाऱ्या खोलीत तिरकस कोनातून पाहिल्यास आयपीएस पडद्याच्या कोपऱ्यांत पांढुरकी झाक दिसते. व्हीए पडद्यावर समोरून काळेपणा गडद असतो. तिसऱ्या पानावरील अक्षरे व्हीएमध्ये अगदी समोरून पुसट किंवा अदृश्य असतात आणि मान बाजूला नेताच प्रकट होतात. ही परीक्षा व्हीए व आयपीएस यांना वेगळे करण्यास सर्वात उपयुक्त आहे.

भिंगातून पांढरा भाग पाहिल्यास उपबिंदूंचा आकार दिसतो. चिंचणी-वरोर भागात दागिन्यांचे डाय कोरणाऱ्या कारागिरांच्या हाती असते तसे भिंग त्यास पुरेसे आहे. टीएनचे उपबिंदू साधे आयताकृती असतात, अनेक आयपीएस पॅनेलमध्ये ते बाणाच्या टोकासारखे मोडलेले दिसतात, तर व्हीएमध्ये त्यांचे विभाग पडलेले असतात. एखादा बिंदू निकामी झाला असल्यास त्यावरूनही काही कळते. टीएनमध्ये दाब नसताना प्रकाश पार होतो, म्हणून मृत बिंदू बहुधा तेजस्वी दिसतो, व्हीए व आयपीएसमध्ये तो काळा राहतो. बोटाने पडदा दाबून उठणारी लहर पाहण्याची प्रथा काही दुकानांत आहे. तीतून मिळणारी माहिती संदिग्ध आणि पडद्याला होणारी इजा निश्चित, म्हणून ती विद्यार्थ्यांना शिकवू नये.

क्रमांकावरून शोध

अनेक मॉनिटरमध्ये विशिष्ट बटणे दाबून धरीत तो चालू केल्यास दुरुस्तीसाठीची सूची उघडते व तीत पॅनेलचा क्रमांक आढळू शकतो. 'एलटीएम' हे सॅमसंगचे, 'एलएम' हे एलजीचे उपसर्ग असून त्यापुढील तीन अंक बहुधा पडद्याचा कर्ण इंचाच्या दशांशांत सांगतात. लॅपटॉपमध्ये हे काम सोपे आहे. तेथे डिव्हाइस मॅनेजरमधील ओळखसंकेतात एयूओ, एलजीडी, सीएमएन, बीओई अशी पॅनेल-उत्पादकाची अक्षरे बहुधा मिळतात. स्वतंत्र मॉनिटर मात्र संगणकाला पॅनेलकर्त्याचे नाव न सांगता मॉनिटर विकणाऱ्या कंपनीचे नाव सांगतो.

नमुन्याचा क्रमांक एकच असला म्हणजे पॅनेल एकच असते, असेही नाही. २००६ मध्ये आलेल्या डेलच्या २००७डब्ल्यूएफपी या २० इंची मॉनिटरमध्ये काही नगांत आयपीएस व काही नगांत व्हीए कुळातील पॅनेल आढळले होते. सॅमसंगच्या २२६बीडब्ल्यू या २२ इंची मॉनिटरवर एस, ए, सी अशी अक्षरे असत. ती पॅनेलचे तीन भिन्न उत्पादक दर्शवीत, तंत्र मात्र तिन्हींत टीएनच होते. म्हणून इतर महाविद्यालयाने घेतलेला तोच नमुना उत्तम निघाला, एवढ्यावर मागणी नोंदविणे सुरक्षित नाही. मागणीपत्रातच पॅनेलचा प्रकार लिहावा आणि पहिल्या नगाच्या परीक्षणानंतरच उर्वरित नग स्वीकारण्याची अट घालावी.

उपयोगानुसार निवड

अलीकडे आयपीएस पडदे स्वस्त झाल्याने नव्या मॉनिटरमध्ये टीएन क्वचित येते. कमी किमतीच्या लॅपटॉपमध्ये व जुन्या प्रयोगशाळांत ते अजूनही भेटते. प्रवेश, लेखा व ग्रंथालयाच्या नोंदी यांसाठी टीएन पुरेसे आहे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र विभागांत, जेथे काचपट्टीवरील रंजनाचा रंग वाचावयाचा असतो, तेथे आयपीएसच हवे. अंधाऱ्या दृक्‌श्राव्य कक्षात व्हीए सरस ठरते.

हाती असलेल्या टीएन पडद्यांचा उपयोगही थोड्या काळजीने सुधारता येतो. पडद्याचा वरचा काठ डोळ्यांच्या रेषेच्या वर जाणार नाही अशी उंची ठेवावी व पडदा किंचित मागे कलवावा. तो ९० अंशांतून फिरवून उभा लावू नये, कारण मग वर-खालचा दोष डावी-उजवीकडे येतो आणि वाचकाच्या दोन डोळ्यांना एकाच पानाच्या दोन छटा दिसतात. तीन विद्यार्थी बसणार असतील तर त्यांना शेजारी शेजारी, डोळे एका उंचीवर येतील असे बसवावे. एकाने मागे उभे राहून पाहिल्यास रंगाविषयीचे त्याचे निरीक्षण नोंदवहीत घेऊ नये.