मजकूर आणि आज्ञा : संकेतस्थळांच्या प्लगइनांतील एक संचित दोष

कचेरीत आलेल्या एखाद्या अर्जात "सर्व दप्तर जाळून टाकावे" असे कोणी लिहिले, तर तो अर्ज वाचणारा कारकून दप्तर जाळावयास निघत नाही. हे अर्जदाराचे म्हणणे आहे, वरिष्ठांचा हुकूम नव्हे, हे तो जाणतो. ब्राउझरला मात्र हा विवेक नसतो. त्याच्यापुढे येणाऱ्या पानात वाचावयाचा मजकूर व पाळावयाच्या आज्ञा एकाच अक्षरमालिकेत गुंफलेल्या असतात, आणि त्यांतील आज्ञा कोणती हे तो कोनाकृती कंस, अवतरणचिन्हे अशा काही खुणांवरूनच ठरवितो. क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोषाचे मूळ येथे आहे. हे नाव इ. स. २००० च्या सुमारास रूढ झाले. प्रस्तुत लेखात या दोषाच्या 'संचित' प्रकाराचा, आणि वर्डप्रेससारख्या प्रणालीस जोडल्या जाणाऱ्या प्लगइनांत तो कसा शिरतो याचा, विचार करावयाचा आहे.

या दोषाच्या एका प्रकारात घातक आज्ञा दुव्यातून येते आणि तो दुवा उघडणाऱ्यापुरतीच प्रकट होते. संचित प्रकारात ती सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये साठून राहते आणि ते पान जो जो उघडील त्याच्या ब्राउझरमध्ये चालते. भंडारा हा तलावांचा जिल्हा. तेव्हा उदाहरणही तेथलेच घेऊ. समजा, जुन्या मालगुजारी तलावांच्या पाळी कोठे फुटल्या, गाळ कोठे साचला, याविषयी ग्रामस्थांच्या तक्रारी घेण्यासाठी एका संस्थेने संकेतस्थळ उघडले आणि त्यावर तक्रार-अर्जाचे एक तयार प्लगइन बसविले. पवनीचा शेतकरी आपले नाव, गाव व तक्रार लिहून पाठवितो. दुसरा कोणी दुष्ट हेतूने नावाच्या रकान्यात नावाऐवजी जावास्क्रिप्टची आज्ञा लिहितो. प्लगइन दोन्ही नोंदी सारख्याच इमानाने साठविते. दुसऱ्या दिवशी संस्थेचा व्यवस्थापक तक्रारींची यादी उघडतो आणि त्याच क्षणी ती आज्ञा त्याच्या ब्राउझरमध्ये चालू लागते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे ती ही की, तक्रार पाठविणाऱ्यास कोणताही अधिकार नव्हता. आज्ञा मात्र व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालते. व्यवस्थापकाची ओळख पटविणारी कुकी स्क्रिप्टला वाचता येऊ नये अशी सोय करता येते. पण तेवढ्याने भागत नाही. स्क्रिप्ट त्याच ब्राउझरमधून, त्याच्याच नावाने, सर्व्हरकडे नवा व्यवस्थापक नेमण्याची विनंती करू शकते. सर्व्हरच्या दृष्टीने ती विनंती वैधच ठरते. अशा रीतीने तक्रारी तत्परतेने वाचणारा मनुष्यच प्रथम बळी पडतो.

हा केवळ कल्पनाविलास नव्हे. २०१५ साली जेटपॅक या बहुप्रचलित प्लगइनच्या संपर्क-अर्जात नेमका असाच दोष आढळला. तेथे ईमेल पत्त्याच्या रकान्यातून आज्ञा शिरू शकत होती. पुढे लाइटस्पीड कॅश या प्लगइनमध्ये, कोणतेही खाते नसलेल्या परक्यासही वापरता येईल असा संचित दोष सापडला. हे प्लगइन चाळीस लाखांहून अधिक संकेतस्थळांवर होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची दुरुस्त आवृत्ती निघाली. तरीही २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत, जुनी आवृत्ती तशीच ठेवलेल्या संकेतस्थळांवर या वाटेने खोटे व्यवस्थापक नेमले गेल्याचे उघडकीस आले.

मग आज्ञा अडवावयाची कोठे? मजकूर आत घेतानाच तो तपासावा, हे उत्तर सहज सुचते. ते आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही. याची प्रचिती एप्रिल २०१५ मध्ये खुद्द वर्डप्रेसच्या गाभ्यातच आली, आणि त्यातील एका प्रकरणाचा आपल्या लिपीशी निकटचा संबंध आहे. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे नेहमीच्या वापरातील प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते; २०१४ साली युनिकोडमध्ये समाविष्ट झालेल्या मोडी लिपीचे चिन्ह मात्र चार बाइट घेते. मायएसक्यूएल या डेटाबेसमधील 'यूटीएफ-८' नावाचा जुना प्रकार तीन बाइटांपलीकडचे चिन्ह साठवू शकत नसे, आणि कडक तपासणीची सोय चालू नसल्यास त्या चिन्हापासून पुढचा सारा मजकूर छाटून टाकीत असे. म्हणजे मोडीतील एक अक्षरही मजकूर अर्ध्यावर तोडण्यास पुरे होते. तपासनिसाने पाहिला तो पूर्ण व निरुपद्रवी मजकूर. साठला तो अर्धवट. उघडलेले अवतरणचिन्ह मिटलेच नाही, आणि अवतरणात निष्प्रभ असलेला भाग आज्ञा म्हणून वाचला जाणे शक्य झाले. २१ एप्रिलच्या आवृत्तीत ही वाट बुजविली गेली. लागलीच दुसरी उघडी पडली : ६४ किलोबाइटांहून लांब मजकूरही तसाच छाटला जात होता. त्यावरील दुरुस्ती २७ एप्रिलला निघाली.

यावरून निघणारा सिद्धांत असा की, तपासणी व प्रदर्शन यांच्या मधल्या काळात मजकुराचे रूप पालटू शकते. म्हणून तो पानावर मांडण्याच्या क्षणी त्यातील खुणा निष्प्रभ केल्या पाहिजेत. कोनाकृती कंस तेथे केवळ कंसाचे चित्र म्हणून उमटावा, खूण म्हणून नव्हे. शिवाय हे काम स्थानपरत्वे वेगळे असते. पानाच्या मजकुरात जे सुरक्षित, ते दुव्यात सुरक्षित असेलच असे नाही. म्हणूनच मजकूर, गुणधर्म व दुवा यांकरिता वर्डप्रेसमध्ये निरनिराळी फंक्शने पुरविलेली आहेत. प्लगइन लिहिणाऱ्याने त्यांपैकी एक एका ठिकाणी वापरावयाचे विसरले, तरी बाकी सर्व खबरदारी व्यर्थ होते.

प्लगइन लिहितो एक, वापरतात लाखो. आणि वापरणाऱ्या लहान संस्थांत ते उघडून तपासू शकणारा मनुष्य बहुधा नसतो. तथापि त्यांच्या हाती काहीच नाही असे म्हणता येणार नाही. अनावश्यक प्लगइने काढून टाकणे, दुरुस्त आवृत्ती निघताच ती बसविणे, तक्रारी वाचण्याच्या रोजच्या कामासाठी व्यवस्थापकाचे खाते न वापरता मर्यादित अधिकारांचे खाते वापरणे, या तीन गोष्टी कोणत्याही महाविद्यालयास करता येण्यासारख्या आहेत. संकेतस्थळात घातक आज्ञा घुसविली गेल्यास सर्ट-इन या केंद्रीय संस्थेस सहा तासांच्या आत कळवावे, असा २८ एप्रिल २०२२ चा निर्देश आहे, हेही ध्यानात ठेवावे.

तात्पर्य, परक्याने लिहिलेला मजकूर अखेरपर्यंत मजकूरच राहील अशी व्यवस्था करणे, हे या शास्त्रातील सर्वांत साधे, आणि म्हणूनच सर्वांत अधिक विसरले जाणारे, कर्तव्य होय. आपल्या विद्यार्थ्यांनी प्लगइन लिहावयास घेतले, तर प्रत्येक मांडणीच्या ओळीपाशी थांबून त्यांनी स्वतःस विचारावे : हे शब्द कोणाचे आहेत, आणि ब्राउझर ते कोणाचे समजेल?