विश्लेषण : गॅसच्या ज्योतीवर चालणारा फ्रिज थंड का होईना?

अमेरिकेत सुट्टीत कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन राष्ट्रीय उद्याने पाहायला निघणाऱ्यांत मराठी कुटुंबेही असतात. यातील अनेक गाड्यांत प्रोपेन गॅसवर चालणारा फ्रिज असतो. मुक्कामाच्या दुसऱ्याच दिवशी दूध नासते, भारतातून आलेल्या आईवडिलांचे इन्सुलिन कोमट लागते आणि फ्रिज बिघडला असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात कारण बऱ्याचदा साधे असते.

ज्योतीवर गारवा कसा तयार होतो?

घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर यात नसतो. मागच्या बंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतो. खालच्या छोट्या ज्योतीने अमोनिया पाण्यातून वेगळा होऊन वाफेच्या रूपात वर जातो, तिथे थंड होऊन द्रव बनतो. पुढे हायड्रोजनच्या संगतीत त्याचे पुन्हा बाष्पीभवन होते आणि फ्रिजमधली उष्णता शोषली जाते. मग पाणी त्याला सामावून घेते आणि चक्र सुरू राहते. स्वीडनमधील बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी १९२२ मध्ये विद्यार्थिदशेत हे तंत्र शोधले. आवाज होत नसल्याने हॉटेलच्या खोल्यांतील अनेक छोटे फ्रिजही याच तत्त्वावर चालतात.

आधी काय तपासावे?

गाडी सपाट जागी उभी आहे का, हे पाहावे. नळ्यांतील द्रव केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहतो. गाडी उतारावर असेल तर तो एका जागी साचतो. तसाच फ्रिज तासन्‌तास चालवला, तर आतील गंजरोधक रसायनाचे खडे होऊन नळी कायमची तुंबू शकते. दुसरी गोष्ट धीराची. हा फ्रिज थंड व्हायला आठ-दहा तास सहज लागतात. म्हणून तो आदल्या रात्रीच सुरू करावा आणि सामान आधीच थंड केलेले भरावे.

ज्योत पेटत नसेल किंवा विझत असेल तर?

गाडीतील शेगडी पेटवून पाहावी. ती पेटली तर गॅस येतो आहे. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर पाइपमध्ये हवा अडकते, अशा वेळी दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो. ज्योत पेटून लगेच विझत असेल, तर संशय थर्मोकपलवर. ज्योतीची धग लागली नाही की गॅस बंद करणे हे त्याचे काम. तो सैल झाला किंवा त्यावर काजळी धरली की फसतो.

ज्योत निळी हवी. ती पिवळी असेल तर बर्नरमध्ये काजळी, गंजाचे कण किंवा चक्क कोळ्याचे जाळे असू शकते. जेटच्या छिद्रात टाचणी घालू नये. छिद्र मोठे झाले की ज्योत बिघडते. सफाई जाणकाराकडूनच करून घ्यावी. उंचीवर हवा विरळ असल्यानेही ज्योत कुरकुरते. यलोस्टोन सरोवर ७,७०० फुटांहून उंच आहे. तिथे मुक्कामाच्या ठिकाणी विजेची जोडणी मिळाली, तर फ्रिज विजेवर चालवणे बरे.

ज्योत ठीक, तरी गारवा नाही?

गाडीच्या बाहेरील हवेच्या जाळ्या मोकळ्या आहेत का, दाराचे रबर नीट बसते का, ते पाहावे. मग फ्रिज विजेवर चालवून पाहावा. विजेवर थंड झाला, तर दोष बर्नरकडे. दोन्हीवर होत नसेल, तर शीतक नळ्यांकडे. मागे पिवळे डाग किंवा अमोनियाचा झोंबणारा वास आला, तर नळी फुटली असे समजून फ्रिज तत्काळ बंद करावा. काही फ्रिज १२ व्होल्टवरही चालतात, पण इंजिन बंद असताना तसे ठेवले तर बॅटरी काही तासांत उतरते.

धोका कधी ओळखावा?

प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतो. वास आला की ज्योती विझवून सर्वांनी बाहेर पडावे, जाताना दारे उघडी ठेवावीत आणि बाहेरून सिलिंडरची झडप बंद करावी. कोणतेही बटण दाबू नये. पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी फ्रिजची ज्योत बंद हवी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का, हे गाडी ताब्यात घेतानाच तपासावे.

फ्रिजमध्ये एक साधा थर्मामीटर ठेवावा. तापमान ४ अंश सेल्सियसच्या वर दोन तासांहून अधिक राहिले, तर दूध, मांस, शिजवलेले अन्न टाकून द्यावे. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. मात्र ते फ्रिजमधल्या थंड पट्ट्यांना टेकवून ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरता येत नाही.