मनोऱ्यातला आवाज : सरकारी की कंत्राटी?

अमेरिकेतील एखाद्या छोट्या विमानतळावर उतरू पाहणाऱ्या वैमानिकाशी मनोऱ्यातून बोलणारा नियंत्रक सरकारी नोकर आहे की खासगी कंपनीचा, हे रेडिओवरील आवाजावरून सहसा ओळखता येत नाही. नियमावली तीच, ठरावीक शब्दप्रयोग तेच आणि प्रमाणपत्र देणारी यंत्रणाही एकच, 'फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' अर्थात 'एफएए'. फरक असतो तो मनोऱ्यात माणसे किती, यात.

या पद्धतीचे मूळ एका संपात आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये सुमारे १३ हजार नियंत्रक संपावर गेले. तत्कालीन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी कामावर न परतलेल्या ११ हजारांहून अधिक जणांना बडतर्फ केले. माणसांअभावी बंद पडलेले मनोरे चालवायचे कसे, या विवंचनेतून १९८२ मध्ये पाच मनोरे खासगी कंत्राटदारांकडे सोपविण्यात आले. आज देशातील पाचशेहून अधिक मनोऱ्यांपैकी जवळपास निम्मे कंत्राटी आहेत. (मुंबई विमानतळ २००६ मध्ये खासगी व्यवस्थापनाकडे गेला, तरी तेथील हवाई नियंत्रण भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडेच राहिले. अमेरिकेतील छोट्या विमानतळांवर नेमके उलटे चित्र दिसते : विमानतळ स्थानिक शासनाचा आणि मनोरा कंत्राटदाराचा.)

कंत्राटी मनोऱ्यांत प्रारंभापासून निवृत्त सरकारी आणि लष्करी नियंत्रकांचा भरणा मोठा राहिला. 'एफएए'च्या नियंत्रकाला साधारणतः ५६ व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते. कंत्राटदाराकडे ती अट नाही. त्यामुळे नवशिक्या वैमानिकाची गाठ अनेकदा मुरलेल्या नियंत्रकाशी पडते आणि ही त्याच्या दृष्टीने जमेचीच बाजू होय. मात्र तो नियंत्रक पुष्कळदा एकटा असतो. जमिनीवर सरकणारी विमाने आणि हवेत घिरट्या घालणारी विमाने यांच्यासाठी दोन वेगळ्या रेडिओ लहरी असल्या, तरी दोहोंवर उत्तर देणारा माणूस एकच. अनेक मनोऱ्यांत रडारचा पडदाही नसतो. मग डोळे, दुर्बीण आणि वैमानिकाने सांगितलेले स्थान यांवरच भिस्त. 'ईशान्येला पाच मैल' असे सांगणारा वैमानिक प्रत्यक्षात उत्तरेला असेल, तर दोन विमाने अकारण जवळ येऊ शकतात. अशा वेळी 'थांबा' एवढाच शब्द ऐकून आणखी एक फेरी मारणाऱ्याला कंत्राटातील काटकसर इंधनाच्या रूपाने मोजावी लागते.

आकडे मात्र कंत्राटाच्या बाजूने बोलतात. अमेरिकी परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१२ मध्ये तुलना केली, तेव्हा कंत्राटी मनोऱ्याचा सरासरी वार्षिक खर्च सुमारे ५ लाख ३७ हजार डॉलर, तर तशाच सरकारी मनोऱ्याचा सुमारे २० लाख डॉलर निघाला. नोंदविलेल्या सुरक्षाविषयक घटनांचे प्रमाणही कंत्राटी मनोऱ्यांत कमी आढळले. अर्थात, नोंद घटनेची होते. खोळंब्याची आणि जादा फेऱ्यांची होत नाही. तरीही २०१३ मध्ये अर्थसंकल्पीय कपातीपायी १४९ कंत्राटी मनोरे बंद करण्याचे घाटले, तेव्हा खासगी वैमानिकांच्या संघटनेनेच कडाडून विरोध केला. सरकारी की कंत्राटी, हा वाद त्यांच्या दृष्टीने तेव्हा गौण होता. मनोराच नसला, तर वैमानिकांना आपापसांत रेडिओवर बोलून उतरावे लागते. अखेर काँग्रेसने निधीची वाट मोकळी केली आणि ते मनोरे वाचले.

या व्यवस्थेचे खरे दुखणे २०२५ च्या आरंभी सॅन फ्रान्सिस्कोजवळील सॅन कार्लोस येथे उघड झाले. तेथील मनोऱ्याचे कंत्राट एका कंपनीकडून दुसरीकडे गेले. नव्या कंपनीच्या वेतनात त्या महागड्या परिसरातील राहणीमानाचा विचार नव्हता, म्हणून असलेल्या नियंत्रकांनी नोकरीचा प्रस्ताव नाकारला. १ फेब्रुवारीपासून मनोऱ्यात माणूसच नसेल, अशी वेळ आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या गजबजलेल्या आकाशाखाली हे घडत असताना 'एफएए'ला तात्पुरते आपले नियंत्रक तेथे पाठविण्याचे मान्य करावे लागले.