आंबोलीच्या बेडकाचं आजोळ

पावसाळ्यात आंबोलीला जाणाऱ्या हौशी फोटोग्राफरची फर्माईश ठरलेली असते: मलबार ग्लायडिंग फ्रॉग दाखवा. हिरवंगार अंग, पंजांचे पडदे पसरून फांदीवरून झेप, पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं. कॅमेऱ्याला आणखी काय हवं! त्याच झाडीत बोटाच्या दोन पेरांएवढा एक मातकट झुडपी बेडूक बसलेला असतो आणि बहुतेक जण त्याच्या पुढून निघून जातात. माझं मत विचाराल तर खरी गोष्ट याच्याकडे आहे. याचं नाव स्यूडोफिलॉटस आंबोली. एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसाइट यांनी २००९ मध्ये पश्चिम घाटातल्या बारा नव्या प्रजाती एकाच शोधनिबंधात मांडल्या, त्यातली ही एक. हा बेडूक पूर्वापार आंबोलीचाच, असं कुणालाही वाटेल. पण त्याच्या पेशींतल्या डीएनएवरून दिसतं ते असं, की त्याचे पूर्वज श्रीलंकेहून आले.

हे कळलं कसं, ते समजायला आधी मायटोकॉन्ड्रियाकडे जावं लागतं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या सूक्ष्म घटकांपाशी केंद्रकापासून स्वतंत्र असा स्वतःचा डीएनए असतो. तो छोटासा आणि वर्तुळाकार. माणसाचा असा डीएनए केंब्रिजमधल्या गटाने १९८१ मध्ये पूर्ण वाचला, तेव्हा त्यात १६,५६९ अक्षरं आणि ३७ जनुकं भरली. प्रयोगशाळांत सदैव वापरल्या जाणाऱ्या झेनोपस या आफ्रिकी बेडकाचा १९८५ मध्ये वाचून झाला. तो थोडा लांब निघाला, पण जनुकं तीच ३७. हा डीएनए पिल्लाला आईकडून मिळतो, बापाचा वाटा त्यात जवळजवळ नसतोच. आडनाव बापाकडून चालत येतं, त्याच्या नेमकं उलट. आई-बापाच्या डीएनएची सरमिसळ होत नसल्यामुळे मागे मागे जाणारा एकच सरळ धागा हाती लागतो. शिवाय केंद्रकातल्या डीएनएपेक्षा यात बदल भराभर साठतात, आणि एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असल्याने स्नायूचा कणभर तुकडाही पुरतो.

मात्र तो तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवलेला हवा. जुन्या संग्रहालयांतले बेडूक फॉर्मॅलिनमध्ये मुरलेले असतात. त्याने शरीर टिकतं, पण डीएनए सहसा वाचण्याजोगा राहत नाही. म्हणून शंभर वर्षांपूर्वी नाव मिळालेला बेडूक नेमका कोणता होता, हे ठरवायला अभ्यासकांना पुन्हा त्याच डोंगरात भर पावसात, रात्री टॉर्च घेऊन हिंडावं लागतं.

हातात आलेल्या नमुन्यातून बहुधा १६एस नावाच्या जनुकाचा पाचेकशे अक्षरांचा तुकडा वाचतात. मिग्वेल वेन्सेस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिलं की उभयचरांची ओळख पटवायला हा तुकडा चांगला कामी येतो. दोन बेडकांच्या तुकड्यांत तीन टक्क्यांहून अधिक फरक आढळला की अभ्यासकाचे कान टवकारतात. तीन टक्के हा कायदा नव्हे. संशय घ्यायला सबळ कारण, एवढंच.

आता मूळ घोळाकडे. भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशियातले लहान झुडपी बेडूक अनेक दशकं फिलॉटस या एकाच जीनसमध्ये, म्हणजे शास्त्रीय नावाच्या एकाच पहिल्या शब्दाखाली, कोंबले होते. कारण वरवर पटण्याजोगं होतं. सगळे लहान, सगळ्यांच्या बोटांच्या टोकांना चकत्या, आणि सगळ्यांची पिल्लं शेपटीच्या अवस्थेत पाण्यात न पोहता अंड्यातून थेट इवला बेडूक होऊनच बाहेर पडणारी. डीएनएने ही मोट सोडली. आग्नेय आशियातले खरे फिलॉटस एका बाजूला गेले. श्रीलंकेच्या बेडकांसाठी स्यूडोफिलॉटस हे अडगळीत पडलेलं नाव पुन्हा वापरात आलं. पश्चिम घाटातल्या बहुतेकांना २०१० मध्ये राओर्चेस्टिस हे नाव मिळालं, बंगळुरूचे बेडूकतज्ज्ञ सी. आर. नारायण राव यांच्या सन्मानार्थ. रावांनी वर्णन केलेले मूळ नमुने काळाच्या ओघात हरवले, हे लक्षात घेतलं तर या नावाला जरा वेगळीच धार येते.

श्रीलंकेची कहाणी तर चक्रावून टाकणारी. माधव मेगस्कुंबुरा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलं की एवढ्याशा बेटावर शंभरहून जास्त प्रजातींचे बेडूक असावेत. त्या दाव्याला मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकांचा आधार होता. दोन वर्षांनी बोसाइट आणि सहकाऱ्यांनी दुसरा धक्का दिला. हिमयुगांत समुद्र खाली गेला की पाल्कच्या सामुद्रधुनीत जमीन उघडी पडायची आणि भारत-लंका जोडले जायचे. पूल होता, तर ये-जाही झाली असणार, असाच सर्वांचा समज. पण डीएनएने दाखवलं की बेडकांसह अनेक प्राणिगटांत दोन्हीकडचे प्राणी बहुतांशी आपापल्या जागीच वाढले. पूल होता, वर्दळ नव्हती. मधल्या कोरड्या सपाटीवरून ओल्या कातडीचा जीव जाणार तरी कसा?

तरीही काही जण गेले. मेगस्कुंबुरांच्या गटाने २०१९ मध्ये मायटोकॉन्ड्रिया आणि केंद्रक अशा दोन्ही बाजूंची जनुकं घेऊन कालगणना मांडली. सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी थंड झाली, समुद्र ओसरला, आणि त्या सुमारास स्यूडोफिलॉटसचे पूर्वज भारतातून लंकेत पोचले. तिथे त्यांचा विस्तार सावकाश होत राहिला; आज त्यांच्या पाऊणशेच्या आसपास प्रजाती ज्ञात आहेत. मग ८८ लाख वर्षांपूर्वी, मोसमी पाऊस स्थिरावल्यानंतर, एक फांदी भारतात परतली. तिच्या इथल्या मोजक्या वंशजांत आंबोलीचा बेडूक येतो. शेजारच्या झुडपात ओरडणारा राओर्चेस्टिस दिसायला त्याचा भाऊबंद, पण आंबोलीच्या बेडकाचं जवळचं गणगोत समुद्रापलीकडे आहे.

बोटांच्या चकत्यांनी तर जगभर फसवलं आहे. युरोप-अमेरिकेतले हायला झाडबेडूक आणि आपले झाडबेडूक ही दोन निराळी कुळं. झाडावर चढायची गरज सारखी, म्हणून पाय सारखे. आपल्या झाडबेडकांच्या कुळाचे सख्खे नातेवाईक निघाले ते मादागास्करात.

वंशवृक्ष एकदा हाती आला की नात्यांपलीकडचेही प्रश्न विचारता येतात. मेगस्कुंबुरांनीच २०१५ मध्ये या कुळाच्या वृक्षावर अंडी घालण्याच्या तऱ्हा मांडून पाहिल्या. तळाच्या फांद्यांवर पाण्यात अंडी घालणारे. त्यानंतर पाण्याबाहेर, जेलीच्या आवरणात अंडी ठेवणारे. फेसाचं घरटं आणि अंड्यातून थेट बेडूक, या दोन्ही तऱ्हा त्या जेलीवाल्यांमधून निघाल्या, आणि प्रत्येक तऱ्हा किमान दोनदा स्वतंत्रपणे. थेट बेडूक जन्माला येतो म्हणून सगळे फिलॉटस, हा जुना युक्तिवाद इथे पार कोसळतो.

महाराष्ट्रातही हे काम चालू आहे. आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये इथल्या घाटातून राओर्चेस्टिस घाटेई ही प्रजाती मांडली आणि पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांचं नाव तिला दिलं. केरळ-तमिळनाडूच्या उंच डोंगरांत झुडपी बेडकांच्या प्रजातींची दाटी आहे. उत्तरेकडे ती विरळ होत जाते. पण विरळ म्हणजे किरकोळ असं समजून उत्तर सह्याद्रीकडे पाहायची सवय जुनी आहे, आणि ती मला कधीच पटलेली नाही.

एवढं सगळं असलं तरी आईच्या बाजूची साक्ष अर्धीच असते. याचं सर्वांत बोलकं उदाहरण उत्तर अमेरिकेतलं. तिथे दोन करडे झाडबेडूक दिसायला अगदी सारखे. हायला क्रायसोसेलिसमध्ये २४ गुणसूत्रं, हायला व्हर्सिकलरमध्ये दुप्पट, ४८. कानाला मात्र ते वेगळे कळतात, कारण दुसऱ्याचं गुरगुरणं संथ असतं. व्हर्सिकलरमध्ये मायटोकॉन्ड्रियाचे निरनिराळे वंश सापडले, तेव्हा १९९४ मध्ये निष्कर्ष निघाला की गुणसूत्रं दुप्पट होण्याची घटना अनेकदा, वेगवेगळ्या ठिकाणी घडली असावी. अभ्यास चोख होता, युक्तिवादही नेटका. पण २०२२ मध्ये शेकडो जनुकं आणि पूर्ण मायटोकॉन्ड्रियल डीएनए एकत्र तपासल्यावर चित्र पालटलं. व्हर्सिकलरचा उगम बहुधा क्रायसोसेलिसच्या एकाच, आता नामशेष झालेल्या शाखेतून झाला. नंतर दोन्हींत संकर होत राहिले आणि त्यातून निरनिराळे वंश पुन्हा घडले. संकरात परकी आई आली की तिचा मायटोकॉन्ड्रिया लेकरांत उतरतो आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. आपण मात्र त्याला अख्ख्या घराण्याचा इतिहास समजून बसतो.

म्हणून आता १६एसच्या एका तुकड्यावर नवी प्रजाती जाहीर केलेली मला खटकते. सोनाली गर्ग, बिजू आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये राओर्चेस्टिसची जी मांडणी केली, तिच्यात डीएनएच्या जोडीला शरीररचना होती, अंगावरच्या खुणा होत्या आणि रात्री ध्वनिमुद्रित केलेले नरांचे आवाज होते. त्यातून पाच नव्या प्रजाती पुढे आल्या. एकीचं नाव तिच्या जलद ओरडण्यावरून द्रुताहू ठेवलं, दुसरीचं रुपेरी डोळ्यांवरून वेळ्ळिक्कण्णन.